घेणाऱ्यांनी मारलेली कला

संक्रांत जवळ आली की एक विलाप दरवर्षी कानी पडतो. हलव्याचे दागिने आता घरी कोण करते, मुलींना सुई धरता येत नाही, कागदाचे फूल कातरणारी पिढी संपली, सारे काही तयार मिळते म्हणून माणसे आळशी झाली, असा त्याचा सूर असतो. नाताळच्या तोंडावर हाच विलाप ख्रिस्ती घरांतून थोड्या निराळ्या शब्दांत ऐकू येतो: बांबूच्या कामट्यांची चांदणी आता कोण बांधते? विलाप करणारे बहुधा वयाने वडील, मनाने सज्जन आणि हाताने रिकामे असतात. त्यांच्या सज्जनपणाबद्दल आमचा वाद नाही. वाद आहे तो त्यांच्या निदानाशी. आमचे म्हणणे पुष्कळांना रुचणार नाही हे जाणूनच आम्ही ते मांडीत आहो. दागिने गुंफणारे आणि कागद कातरणारे हात आळसाने थांबले, हे खरे नव्हे. घेणाऱ्यांनी ते थांबविले.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी प्रथम ते काम सांगितले पाहिजे. हलव्याचा दागिना म्हणजे साखरेचा आणि कागदाचा दागिना. तीळ, खसखस, साबुदाणा किंवा तांदळाचा दाणा परातीत घ्यावयाचा, परात मंद निखाऱ्यावर ठेवावयाची आणि साखरेचा पाक चमचा-चमचा घालीत तो दाणा बोटांनी सतत फिरवीत राहावयाचे. एका चमच्याचा पाक दाण्यावर सुकला की मग दुसरा. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतात. थंडी चांगली पडली तर काटा चांगला धरतो. आभाळ भरून आले की तोच दाणा गुळगुळीत होऊन बसतो आणि बाईचे दोन दिवस वाया जातात. बोटांची कातडी भाजते ती निराळीच. असा पांढराशुभ्र, काटेरी हलवा तयार झाला म्हणजे अर्धे काम झाले. पुढे कागद येतो. पुठ्ठा कातरून त्याचा मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा करावयाचा, त्यावर सोनेरी कागद आणि जर लावावयाची, आणि मग एकेक दाणा दोऱ्यात धरावयाचा. दाण्याला भोक पाडावयास जावे तर तो फुटतो. म्हणून त्याच्या काट्यांच्या आधाराने दोऱ्याची गाठ बसवावी लागते. मंगळसूत्र, तन्मणी, चिंचपेटी, नथ, कर्णफुले असे सारे लेणे अशा गाठींतून उभे राहते. नवी सून पहिल्या संक्रांतीला काळी साडी नेसून ते लेते. जावयाला हलव्याचा हार आणि हलव्याने मढविलेला नारळ मिळतो. बोरन्हाणाच्या दिवशी तान्ह्या मुलाला हेच दागिने घालतात. ते मूल बहुधा पहिल्या पाच मिनिटांत बाजूबंद तोंडात घालते. दागिन्याचे आयुष्य एका संध्याकाळचे. दुसऱ्या दिवशी त्याच्याभोवती मुंग्या आणि शेजारची मुले जमतात.

एका संध्याकाळच्या लेण्यासाठी आठवडा घालविणे हे कसले शहाणपण, असे विचारणारे व्यवहारी लोक आम्हांला भेटतात. सोन्याचा दागिना गहाण टाकता येतो, विकता येतो, त्याच्या वाटणीवरून भावाभावांत कज्जे होऊ शकतात. हलव्याच्या दागिन्याचे यांतले काहीच करता येत नाही. तो केवळ द्यावा आणि घ्यावा. परातीशी बसलेल्या सासूच्या मनात त्या आठवड्यात सुनेचा गळा असतो, मनगट असते, तिची उंची असते. चिंचपेटी गळ्याला घट्ट होईल की सैल, याचा विचार करीत ती गाठ मारते. ज्या घरात सासू-सुनेचे आठ दिवस बोलणे नाही, त्या घरातही हा विचार करावाच लागतो. माप चुकले तर दागिना बसत नाही! करणाऱ्याचा आनंद आम्हांला इथे दिसतो: दुसऱ्या माणसाकडे इतक्या बारकाईने, इतका वेळ, त्याच्या नकळत पाहत राहावे लागते.

पंढरपूरच्या नरहरी सोनारांची आख्यायिका महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? एका सावकाराने नवस फेडण्यासाठी विठ्ठलाचा कंबरपट्टा करावयास सांगितला. नरहरी शिवाचे कट्टर भक्त. विठ्ठलाचे तोंडही पाहावयाचे नाही असा त्यांचा नेम. दुसऱ्याने आणून दिलेल्या मापाने त्यांनी पट्टा घडविला तो आखूड झाला. पुन्हा केला तो सैल झाला. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून ते स्वतः देवळात गेले आणि हातांनी माप घेऊ लागले. हातांना शिवाच्या खुणा लागल्या. पट्टी काढली तर समोर विठ्ठल. पुन्हा बांधली तर पुन्हा शिव. तेव्हा त्यांचा भेद गळाला. या कथेतील अध्यात्म ज्यांचे आहे त्यांनी सांगावे. तो आमचा अधिकार नव्हे. आम्ही तिच्यातील कारागिराकडे पाहतो. उसन्या मापाने केलेला दागिना देवालाही बसला नाही. ज्याच्यासाठी करावयाचे त्याच्या जवळ जाऊन, हात लावून, माप घ्यावे लागले. दुकानातल्या काचेच्या कपाटात मांडलेल्या दागिन्याला ही अडचण कधीच पडत नाही, कारण तो कोणासाठीच केलेला नसतो.

आता घेणाऱ्यांकडे वळू.

आमच्या परिचयातील एक मुलगी अकरावीत शिकते. रंगीत कागदाच्या तीन मिलीमीटर रुंदीच्या पट्ट्या खराट्याच्या काडीवर गुंडाळून, त्यांच्या चकत्या चिकटवून ती कर्णफुले करते. याला क्विलिंग म्हणतात आणि हल्ली पुष्कळ मुली ते करतात. तिची आजी जन्मभर जड सोन्याच्या कुड्या वापरीत आली. वयोमानाने कानाची पाळी ओघळली, भोक लांबले, आणि आता कानात काही घालणे दुःखाचे झाले. नातीने हे पाहिले. तिने आजीसाठी कागदाची कर्णफुले केली, वरून वॉर्निशचा हात दिला, आणि मागची कडी भोकाच्या वरच्या, शाबूत कातडीला टेकेल अशी वळविली. कागदाला वजन ते किती! म्हातारी ती घालून आठवड्याच्या बाजाराला गेली. एका नातेवाईक बाईंनी पाहिले, हातात घेतले, उलटसुलट केले आणि निकाल दिला: शंभर रुपयांत याहून चांगली मिळतात. म्हातारीने घरी आल्यावर ती काढून ठेवली. मुलीने त्यानंतर पट्टी गुंडाळलेली नाही. त्या बाई दुष्ट नाहीत. आपण उपयुक्त माहिती दिली असेच त्यांना वाटत असणार. परंतु कडी का तशी वळविली आहे, एवढा एकच प्रश्न त्यांनी विचारला असता तर? शंभर रुपयांच्या कोणत्या कर्णफुलाला त्या म्हातारीचा कान ठाऊक होता?

तुलनेचा हा रोग आम्हां सर्वांना जडलेला आहे. हाताने केलेली वस्तू पाहिली की आम्ही तिला दुकानातल्या वस्तूच्या शेजारी उभी करतो. त्यातही गंमत अशी की ती वस्तू उत्तम साधली तर आमची सर्वोच्च स्तुती हीच असते की अगदी विकत आणल्यासारखी दिसते! ज्याने आठ रात्री जागून काही केले त्याला, तू केलेस असे वाटतच नाही, म्हणून शाबासकी द्यावयाची, हा मान म्हणावा की अपमान?

जिथे वस्तू विकत घेतली जाते तिथे तर घेणाऱ्याचा हात अधिकच आखडतो. आमच्या जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी एक बाई हलव्याचे दागिने करून विकतात. मुकुटापासून कंबरपट्ट्यापर्यंतचा पूर्ण संच करावयाला, हलवा आधीच तयार आहे असे धरून, त्यांना तीन दिवस लागतात. आता हिशेब करू. रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात २०२५-२६ या वर्षासाठी दिवसाची मजुरी ३१२ रुपये ठरली होती. माती खणणाऱ्याला तीन दिवसांचे ९३६ रुपये द्यावे असे सरकारला वाटते. ते थोडेच आहेत असे आमचे मत, पण तो वाद निराळा. या बाईंनी साखर, पुठ्ठा, जर यांचा खर्च सोडून केवळ मजुरीचे ९३६ रुपये मागितले तर गिऱ्हाईक काय म्हणते? साखर काय भाव आहे हो, असे विचारते. जी माउली सोनाराच्या दुकानात घडणावळीला चकार शब्द काढीत नाही, ती इथे साखरेचा भाव काढते. लग्नात मांडवाच्या कमानीला हजारो रुपये मोजताना ज्याची जीभ अडखळत नाही, तो गृहस्थ इथे शंभर रुपये कमी करून घेतो आणि ते घरी विजयाने सांगतो. बचत गटांतून दागिने आणि कागदी पिशव्या करावयाचे शिक्षण देणारी शिबिरे गावोगाव भरतात. फार चांगली गोष्ट आहे. परंतु शिकविले जाते ते करणाऱ्या बायांना. घेणाऱ्यांसाठी शिबिर भरलेले आमच्या पाहण्यात नाही.

त्या बाई विधवा आहेत. चाळीस वर्षे त्यांनी गावातल्या सुनांना नटविले, आणि ज्या हळदीकुंकवाला ते दागिने मिरवावयाचे त्या हळदीकुंकवाला त्यांना बोलावणे नाही. संच त्यांच्या दारातून नेला जातो आणि पैसे दारातच दिले जातात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनी तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. परिपत्रके तालुक्यापर्यंत पोहोचतात. उंबऱ्याच्या आत जावयाला त्यांना वेळ लागतो. कोणी आम्हांला म्हणेल, हा तुमच्या समाजाचा प्रश्न नव्हे, तुम्ही यात का पडता? संक्रांतीचा तिळगूळ आमच्या घरी शेजाऱ्यांकडून येतो आणि आम्ही तो आनंदाने खातो. गोड तेवढे आमचे आणि कडू तेवढे शेजाऱ्याचे, ही वाटणी आम्हांला मान्य नाही. आणि विधवेला मंगलकार्यात मागे उभे करणाऱ्या ख्रिस्ती आयाबाया आम्ही पाहिल्याच नाहीत असे थोडेच आहे!

घेणाऱ्यांचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो वरकरणी फार गोड दिसतो. तो म्हणजे न पाहता स्तुती करणारा. मूल कागदाचे शुभेच्छापत्र करून आणते. वडील वर्तमानपत्रातून डोके न काढता, वा, छान, म्हणतात. पत्र टेबलावर पडते, त्यावर चहाचा कप येतो, आठवड्याने ते रद्दीत जाते. धर्मगुरूंना अशा भेटी फार येतात. आमच्या टेबलावर आजमितीला आइस्क्रीमच्या काड्यांची सात कलमदाने आहेत आणि आमच्यापाशी पेने तीन आहेत. त्या सातांपैकी दोन डगमगतात. ज्या मुलांनी ती केली त्यांना आम्ही ते सांगितले, कोणती काडी आखूड पडली तेही दाखविले, आणि त्यांपैकी एका मुलाने रविवारी येऊन ते दुरुस्त केले. हे आत्मप्रौढीसाठी सांगत नाही. पोराच्या हाताची चूक दाखविणे म्हणजे त्याचे मन मोडणे, हा समज आज आईबापांत आणि शिक्षकांत पसरला आहे, त्याविरुद्ध सांगत आहो. मुलाला नीट कळते की आपल्या वस्तूकडे कोणी पाहिले आणि कोणी पाहिले नाही. वाकडी शिवण पाहून, इथे दोरा ओढला गेला, असे म्हणणारी आजी त्याला आवडते, कारण तिने शिवणीपर्यंत नजर नेली. भाव करणारा निदान वस्तू हातात तरी घेतो. वा छान म्हणणारा तेवढेही करीत नाही.

शाळांनी या बाबतीत जे केले आहे त्याला तर नावच नाही. १९३७ साली वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायाभोवती सारे शिक्षण गुंफण्याचा विचार मांडला. पुढे आमच्या शाळांतून कार्यानुभव नावाचा विषय आला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना गावातल्या कारागिरांकडे शिकावे असे म्हटले आहे. कागदावर आम्ही कधीच कमी पडलो नाही. प्रत्यक्षात काय होते? शाळेतून मुलाला काहीतरी करून आणावयास सांगतात. मूल आईला सांगते. आई रात्री नऊ वाजता स्टेशनरीच्या दुकानात जाते. दुकानदार विचारतो, कितवीचे? आणि फळीवरून तयार वस्तू काढून देतो. सूर्यमाला, पवनचक्की, कागदी फुलांची परडी, सारे इयत्तेवार मिळते. पूर्वी ते थर्माकोलचे असे. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून पुठ्ठ्याचे असते. दुसऱ्या दिवशी शिक्षक त्यास दहापैकी नऊ गुण देतात. गुण कोणाला मिळाले? मुलाला हे लगेच उमगते की आपल्या हाताचे घेणारा कोणीच नाही. मागणी आहे ती वस्तूची. ज्या शिक्षकाने ते विकतचे बाड स्वीकारले त्याने कागदकाम शिकविण्याचे पाप टाळले असे म्हणता येईल, पण खोटे बोलणे शिकविण्याचे टाळले असे म्हणता येणार नाही.

या सर्वावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो आम्ही हलक्या हाताने टाळणार नाही. हस्तकला ही पोट भरलेल्यांची करमणूक आहे. मराठवाड्यातल्या कष्टकरी बाईला दागिने गुंफावयाला सवड कोठली, असे आमचे काही तरुण मित्र म्हणतात. त्यांनी एकदा जिंतूरकडच्या तांड्यावर जाऊन यावे. बंजारा बाईइतकी कमी सवड या प्रदेशात फार थोड्यांना मिळाली असेल, आणि तिच्याइतके हाताचे काम अंगावर वागविणारीही दुसरी कोणी नाही. तिचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर हिंडले. तिच्या कांचळीवर आरसे, कवड्या आणि भरतकाम, केसांत घुगरी आणि टोपली, गळ्यात हांसली, दंडापर्यंत बलिया. डोक्यावर घागर ठेवावयाची चुंबळसुद्धा कवड्यांनी मढविलेली. मुलीच्या लग्नासाठी आई तिच्या लहानपणापासून टाके घालीत आलेली असते. चुंबळीला कवड्यांची गरज नाही. घागर साध्या चिंध्यांच्या चुंबळीवरही बसते. तरी कवड्या आल्या, कारण ती चुंबळ कोणाच्या तरी लेकीच्या डोक्यावर जावयाची होती.

आता तांड्यांवर हे काम कमी झाले आहे हे खरे. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या गाड्या भरतात, तांडे रिकामे होतात आणि माणसे उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. फडात कोयता चालविणाऱ्या बाईने रात्री आरसे टाकावे असे कोणी म्हणेल तर तो निर्दय ठरेल. पण जे तिने व तिच्या आजीने करून ठेवले होते त्याचे काय झाले? व्यापारी आले, जुन्या कांचळ्या आणि ओढण्या गठ्ठ्याने घेऊन गेले, त्या कापल्या आणि त्यांच्या तुकड्यांच्या पिशव्या, पट्टे, उश्यांचे अभ्रे करून शहरात विकले. चांदी दुष्काळांत गेली. ती पोटासाठी गेली, तिला नावे ठेवता येणार नाहीत. कापडाचे मात्र तसे नाही. आईने लेकीसाठी घातलेला टाका दिवाणखान्यातल्या उशीवर बसला आणि ती उशी विकत घेणारी बाई म्हणते, आम्हांला हस्तकलेची फार आवड आहे! कोणाच्या हाताची, असे तिला विचारावे. उत्तर येत नाही. सवड नाही म्हणून कला गेली, हे अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे त्या कात्रीपाशी आहे.

कागदाचीही गोष्ट अशीच. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गाव आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादेस हलविली तेव्हा त्याच्याबरोबर कागद करणारे आले अशी तेथील परंपरा सांगते. चिंध्यांचा लगदा करून, चाळणीवर उचलून, भिंतीवर वाळवून, घोटून केलेला त्यांचा कागद शतकानुशतके पोथ्यांना, धर्मग्रंथांना आणि दप्तरांना पुरला. गिरण्यांचा कागद आला आणि मागणी आटली. १९४० मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली तिने ही विद्या जगविली, म्हणून आज लग्नपत्रिकांसाठी का होईना हातकागद मिळतो. आम्ही यंत्राचे शत्रू नव्हे. हे त्रैमासिक गिरणीच्या कागदावर यंत्राने छापले जाते म्हणूनच ते आपल्या हाती आहे. हातकागदावर छापले असते तर वर्गणी भरणारे कोणी उरले नसते. वही, वर्तमानपत्र, औषधाची चिठ्ठी यंत्राच्याच कागदाची असावी. पण आजीच्या कानासाठी, सुनेच्या गळ्यासाठी, मित्राच्या वाढदिवसासाठी जे करावयाचे तेही यंत्राने करून घ्यावयाचे, मग आमच्या दहा बोटांना काम काय उरले? पडद्यावर फिरविण्याचे?

आमच्या स्वतःच्या घराकडे पाहिल्याशिवाय हा लेख संपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. निर्गमाच्या ग्रंथात बसालेल नावाचा एक कारागीर आहे. सोने, चांदी, पितळ घडविण्याचे आणि रत्ने कोंदणात बसविण्याचे कसब त्याच्या अंगी यावे म्हणून परमेश्वराने त्याला आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले, असे तेथे सांगितले आहे. प्रवचनांतून मोशे येतो, अहरोन येतो, बसालेल क्वचितच येतो. आणि पुढच्याच अध्यायात काय आहे? लोकांनी कानांतली सोन्याची कुंडले काढून दिली आणि त्यांचे वासरू झाले. मोशेने जाब विचारला तेव्हा अहरोनाचे उत्तर मोठे मासलेवाईक आहे: मी सोने आगीत टाकले आणि हे वासरू बाहेर आले! म्हणजे केले कोणीच नाही, आपोआप निघाले. तयार मालाचे याहून जुने समर्थन आमच्या माहितीत नाही. त्याच लोकांनी थोड्याच दिवसांनी आपली कुंडले आणि अंगठ्या पवित्र मंडपासाठी आणल्या, आणि बायांनी आपल्या हातांनी सूत कातून दिले. सोने तेच, कानही तेच. या वेळी घेणारा बसालेल होता.

आमच्याकडे जपमाळा ओवणाऱ्या बाया होत्या. त्रेपन्न लहान मणी आणि सहा मोठे, प्रत्येक दशकानंतर गाठ. आजारी माणसासाठी ओवताना काही जणी प्रत्येक मण्याला त्याचे नाव घेत. आज प्लॅस्टिकच्या जपमाळा डझनावारी येतात आणि उत्सवाच्या दिवशी वाटल्या जातात, त्यांपैकी निम्म्या संध्याकाळी बाकांखाली सापडतात. चांदणीचेही तेच. पाच-पाच कामट्यांचे दोन सांगाडे बांधावयाचे, त्यांची टोके एकत्र आणावयाची, मधल्या पाच सांध्यांत आडव्या काड्या देऊन पोट फुगवावयाचे आणि मैद्याच्या खळीने पतंगाचा कागद लावावयाचा. खळ पातळ झाली तर कागद सुरकुततो, घट्ट झाली तर वाळल्यावर तडकतो. हे काम चार मुलांनी मिळून करावे असेच आहे, कारण टोके बांधताना दोन हात कमी पडतात. एका धर्मग्रामात चांदण्यांची स्पर्धा आम्ही पाहिली. पहिले बक्षीस दुकानातून आणलेल्या, रंग बदलणाऱ्या विजेच्या चांदणीला मिळाले. परीक्षक सुशिक्षित होते. कामट्यांच्या चांदणीखाली उभा असलेला मुलगा टाळ्या वाजवीत होता. पुढच्या वर्षी त्याने काय केले असेल हे सांगावयास नको.

म्हणून आमच्या अंगणात यंदा स्पर्धा नाही, परीक्षक नाहीत आणि बक्षीसही नाही. ज्यास चांदणी बांधावयाची त्याने ती कोणाच्या दारासाठी ते आधी सांगावयाचे, आणि ज्याच्या दारी ती लागणार त्याने बांधणाऱ्याकडे एक संध्याकाळ जाऊन बसावयाचे. खळ ढवळली तरी पुरे. आतापर्यंत अकरा जोड्या ठरल्या आहेत. त्यांतली एक चांदणी हलव्याचे दागिने करणाऱ्या त्या बाईंच्या दाराला लागेल. त्या स्वतः कागद लावावयाला येणार आहेत आणि त्यांची खळ आमच्या पोरांहून बरी असेल अशी आमची अटकळ आहे. कामट्या तुरीच्या काड्यांच्या चालतील काय, असे एकाने विचारले. चालणार नाहीत, त्या मोडतात. बुरुडाकडे जावे, ओल्या बांबूच्या कामट्या काढून घ्याव्यात आणि तो सांगेल ते पैसे द्यावेत.